खाजनातला भात

भात हे गोड्या पाण्याचे पीक. मग गोव्यात मांडवी-झुवारीच्या काठी, भरतीच्या पातळीहून खाली असलेल्या जमिनीत तो शेकडो वर्षे पिकला कसा? वाचकहो, या जमिनींना तिकडे खाजन म्हणतात, आणि त्यांचा इतिहास म्हणजे एका बांधाचा व तो राखणाऱ्या गावाचा इतिहास.

बांध चिखलाचा, पेंढ्याचा, कुठे जांभ्या दगडाचा. बाहेरच्या अंगाला खारफुटी राखायची. लाटांचा मार ती सोसते. बांधात जागोजागी लाकडी दारे, त्यांना मानस म्हणतात. युक्ती पाहा कशी! भरती चढली की पाण्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तेच दार ढकलून नदीला मिळते. आषाढाच्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भात. कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन मासळी-कोळंबी, कुठे मिठागर. वाणही जागेला साजेसा: कोरगुट. उंच वाढणारा, खारेपणा सोसणारा. उत्पन्न मात्र बेताचे.

हे सारे चालवी ती गावकरी, म्हणजे गावची सामाईक संस्था. पोर्तुगीजांनी 1526 मध्ये तिचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे ती त्यांच्याही आधीची. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि बांधाची डागडुजी चालायची. अर्थात हे काही रामराज्य नव्हे. गावकरांचा हक्क वंशपरंपरेचा. चिखल उपसणारा बहुधा बिनहक्काचा. म्हणून 1964 चा कूळकायदा मला न्याय्यच वाटतो. पण त्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, आणि भातापेक्षा मासळीत पैसा जास्त! पुष्कळ ठिकाणी नको त्या वेळी मानशी उघडल्या गेल्या, बांध फुटले, शेतात खारफुटी माजली. तिकडे जया-ज्योतीसारख्या जास्त उतारा देणाऱ्या वाणांपुढे कोरगुट मागे पडला.

आता समुद्राची पातळी वाढते आहे आणि पाऊस थोड्या दिवसांत एकदम कोसळतो. तेव्हा कोरगुटाची आठवण झाली. जुन्या गोव्यातील संशोधन संस्थेने त्याच्यातूनच निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘गोवा धान 2’ ही वाणे दिली. आपल्या कोकणात पनवेलच्या खारजमीन केंद्रानेही अशी वाणे काढली आहेत. पण खारे सोसणारे भात म्हणजे समुद्रात उगवणारे भात नव्हे. त्यालाही धड बांध लागतो, आणि पावसाळ्याआधी तो कोणी बांधायचा, हा वाद खाजनांच्या कित्येक गावांत अजून मिटलेला नाही.