कार्टूनपटातील मुखाकृती आणि मराठी उच्चार : एक ऐतिहासिक टिपण

मावळातील इंदुरी येथे, दाभाड्यांच्या किल्ल्यापासून जवळच असलेल्या एका घरी, दूरचित्रवाणीवरील मराठीतून बोलणारे एक परदेशी कार्टून पाहण्याचा योग आला. तेथील सात वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, हा 'मामा' म्हणतो, पण ह्याचे ओठ मिटतच नाहीत." ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाने प्रथम नोंदवावे, ते तिने नोंदविले होते. ह्या विसंगतीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात ह्या कलेचा आरंभ मूकच झाला. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' निर्माण केला. त्यात आगकाड्या किंचित सरकवावयाच्या, एक चौकट टिपावयाची व पुन्हा सरकवावयाच्या, अशी रीत होती. पुढे पुण्यास प्रभात फिल्म कंपनीत रघुनाथ केळकर ह्यांनी 'जंबूकाका' (१९३४) केला. के. एस. गुप्ते व जी. के. गोखले ह्यांचा 'सुपरमॅन्स मिथ' १९३९ मधील होय. १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग स्थापन झाला. डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स ह्यांनी तेथे प्रशिक्षण दिले. त्यांतून 'द बनियन डिअर' (१९५७) निघाला, आणि राम मोहन ह्यांच्यासारखे कलावंत घडले.

ह्या कामाचा कणा म्हणजे एक्स्पोजर शीट हे कागदी पत्रक. त्यात वरून खाली चौकटींचा क्रम असे. शेजारच्या स्तंभांत एकाच क्षणी एकावर एक ठेवावयाच्या पारदर्शक सेलांची नोंद असे. संवादासाठी स्वतंत्र स्तंभ राखलेला असे, आणि आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादातील प्रत्येक ध्वनी कोणत्या चौकटीवर पडतो हे त्यात लिहीत. आपल्या दूरचित्रवाणीच्या हिशेबाने सेकंदास २५ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींपुरते टिकविले, तरी १० मिनिटांस ७,५०० चित्रे होतात. म्हणूनच दूरचित्रवाणीसाठी धड स्थिर ठेवून केवळ तोंड हलविण्याची काटकसर रूढ झाली. परिणामी पात्राचा सारा अभिनय ओठांवर येऊन ठेपला.

१९९० च्या सुमारास शाई भरणे व रंगविणे ही कामे संगणकाकडे गेली. डिस्नेच्या 'कॅप्स' प्रणालीने १९९० मध्ये एक संपूर्ण चित्रपट रंगविला. इटलीत 'टून्झ' तयार झाली, आणि जपानच्या स्टुडिओ जिब्लीने 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) ह्या चित्रपटापासून तिचा उपयोग केला. चित्रे हातानेच काढावयाची, ती यंत्राने टिपून संगणकावर रंगवावयाची, अशी ही व्यवस्था होती. विशेष हे की, साधने पालटली तरी पत्रक पालटले नाही. पडद्यावर तेच स्तंभ व तेच चौकटींचे क्रमांक आले. मार्च २०१६ मध्ये 'ओपनटून्झ' ह्या नावाने ही प्रणाली सर्वांस विनामूल्य खुली झाली.

मात्र पत्रकाबरोबर एक इंग्रजी वारसाही आला. प्रेस्टन ब्लेअर ह्या अमेरिकन चित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा मुखाकृतींचा संच ओपनटून्झमध्ये आहे. त्यात दहा आकृती आहेत. प-ब-म साठी मिटलेले ओठ, फ-व्ह साठी खालच्या ओठावर दात, विश्रांतीसाठी एक, इत्यादी. मराठीस हा संच पुरेल काय? बव्हंशी पुरेल. त आणि ट, ल आणि ळ, किंवा 'चमचा' व 'चिमटा' ह्यांतील दोन च, हे भेद मुखाच्या आत घडतात. बाहेरून ते दिसत नाहीत. खरी अडचण तीन ठिकाणी येते. 'फळ' मधील फ परंपरेने ओठ मिटून उच्चारला जातो, पण अनेकांच्या तोंडी आज तो दंतोष्ठ्य झाला आहे. 'विहीर' मधील व दातांकडे झुकतो, तर 'ग्वाही' मधील व ओठ गोल करतो; इंग्रजी संचात ह्या दोन आकृती वेगळ्या आहेत. तिसरी अडचण लिपीची. 'राम' मधील अंत्य अ लिहिला जातो, उच्चारला जात नाही. अक्षर पाहून आकृती नेमली तर शेवटी तोंड उघडेल, आणि तेथे ते मिटलेलेच हवे. तात्पर्य, पत्रक भरणाऱ्याने लेखनाकडे न पाहता उच्चाराकडे कान द्यावा.

इंदुरीच्या त्या मुलीचे उत्तर आता देता येते. त्या पात्राचे ओठ परक्या भाषेतील शब्दांसाठी रेखाटलेले होते. त्यांवर मराठी ध्वनी नंतर चढविला गेला. हा दोष भाषांतरकाराचा नव्हे. मराठी संवाद आधी मुद्रित करून त्यावरून चित्र रेखाटले, तरच तो टळेल. त्यासाठी लागणारे साधन आज विनामूल्य उपलब्ध आहे. उणीव आहे ती मराठी उच्चारांच्या अशा कोष्टकाची. ते तयार करणे हे चित्रकारांइतकेच भाषाभ्यासकांचेही काम आहे.