कलमाचा हंगाम कोण ठरवतो?

कोकणात आंब्याच्या कलमांविषयी दोन गोष्टी इतक्या ठामपणे सांगितल्या जातात की त्यांवर कुणी शंकाही काढत नाही. कलम पावसातच बांधावं, कारण पावसाच्या ओलाव्यावरच ते जीव धरतं. आणि काडी फळ लागलेल्या फांदीचीच घ्यावी, म्हणजे कलमालाही लवकर फळ येतं. हे सांगणाऱ्यांच्या हातांखालून ढीगभर कलमं गेलेली असतात. त्यांचा अनुभव मला नाकारायचा नाही. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र टिकत नाही.

पूर्वपक्षात खरं आहे तेवढं आधी मान्य करू. हवा दमट असली की कापलेली काडी उशिरा सुकते, आणि खुंट व काडी यांचा सांधा जुळायला तीन-चार आठवडे लागतात. पण कोय कलम जुलै-ऑगस्टमध्ये बांधतात त्याचं मूळ कारण बाठ्यात आहे. आंब्याची कोय साठवणीत टिकत नाही; फळातून काढल्यावर थोड्याच आठवड्यांत तिची उगवणशक्ती संपते. रायवळ आंबे मे-जूनमध्ये पिकणार, बाठे लगेच रुजत घालावे लागणार. कलमाला कोंब हवा दहा-पंधरा दिवसांचा, पानं अजून तांबूस असलेला, खोड कोवळं असलेला. पानं हिरवी होऊन खोड कडक झालं की कलमं मरू लागतात. या हिशेबात जुलै आपोआप येतो. पाऊस तिथे हजर असतो एवढंच, आणि श्रेय घेऊन जातो. उलट उघड्यावर मुसळधार झोडपलं तर कापात पाणी शिरतं, बुरशी धरते आणि काडी काळी पडते.

पाऊसच निर्णायक असता तर नागपूरकडे संत्र्याचे डोळे थंडीत भरले गेले नसते. तिथे जंबेरीच्या खुंटाची साल सहज सुटते का आणि डोळा फुगीर पण न फुटलेला आहे का, हे पाहतात. काश्मीरमध्ये सफरचंदाची काडी ऐन हिवाळ्यात, झाड निजलेलं असताना कापून गारव्यात ठेवतात आणि खुंट जागा होऊ लागला की बांधतात. हंगाम ठरतो तो खुंट आणि काडी या दोघांच्या अवस्थेवरून. पंचांगाला त्यात मत नाही.

मग पावसाचा आग्रह आला कुठून? मला तो भेटकलमाचा वारसा वाटतो. त्या पद्धतीत रोपाची कुंडी मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन बांधत आणि सांधा जुळेपर्यंत फांदी झाडापासून तोडतच नसत. मचाणावरच्या कुंड्यांना पाणी घालण्याचा त्रास पाऊस वाचवी. फांदीला आईकडून रस मिळत असल्याने तिची निवड थोडी चुकली तरी निभावे. कोय कलमात काडी तुटलेली असते, तिला स्वतःच्या शिदोरीवर महिनाभर तग धरायचा असतो. पद्धत बदलली, नियम मात्र जुनेच राहिले.

दुसरा आग्रह तर सरळ नुकसानीचा. लवकर फळण्याचा गुण प्रौढ झाडाचा असतो. त्याच्या कुठल्याही निरोगी फांदीत तो उतरतो, त्यासाठी तीच फांदी फळलेली असण्याची गरज नाही. फळ पोसलेली फांदी त्या हंगामात सहसा नवी पालवी काढत नाही, त्यामुळे हाती येते ती जून, दमलेली काडी. आणि टोकाच्या डोळ्यात मोहोराची तयारी झालेली असेल तर रोपवाटिकेतच मोहोर फुटतो. गिऱ्हाईक खूश होतं, पण पालवीसाठी राखलेली शिदोरी तिथेच खर्च होते.

चांगली काडी तीन-चार महिन्यांची, खुंटाच्या जाडीची, न मोहोरलेली असते. ती कापण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पानं छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. पुढच्या दिवसांत टोकाचा डोळा फुगतो आणि देठ वाळू लागतात. बोट लावताच देठ गळून पडला की काडी तयार. देठ ओढावा लागला, साल सोलली गेली, तर थांबायचं. डोळा फुटून हिरवं टोक दिसलं तर वेळ टळली.

हे ठाऊक असूनही टाळलं जातं, त्याला कारण आहे. कलम बांधणाऱ्याला मजुरी नगावर मिळते आणि पानं छाटायला झाडावर एक जादा फेरी पडते. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, कलमांची मागणी एकदम वाढली आणि या जादा फेरीला सवडच उरली नाही. अशा कलमांची मर झाली की दोष ‘यंदा पाऊस नीट लागला नाही’ म्हणून आभाळावर जातो. रोपवाटिकेत पाऊस कधी लागला हे विचारण्यापेक्षा काडीची पानं कापणीआधी किती दिवस छाटली होती, हे विचारून पाहावं. ज्याने छाटली असतील तो चटकन सांगतो.