गोबरगॅसची पूर्वपीठिका

गोबरगॅसविषयी लिहिणारे पुष्कळ लेखक आरंभीच एक सन मोठ्या विश्वासाने देतात. हिंदुस्थानातील पहिले वायुयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभे राहिले, असे ते सांगतात. एकाने लिहिले, दुसऱ्याने ते उतरून घेतले आणि होता होता तो इतिहास झाला. परंतु ज्या माटुंग्याच्या आश्रमाला उद्देशून हे लिहिले जाते, तो आश्रमच मुळी १८९० साली स्थापन झाला! आश्रमाआधी एकतीस वर्षे त्याचा वायू पेटला होता, असे मानणे जरा कठीणच आहे. विश्वासाने घेता येईल असा सन १८९७ हा होय.

या आश्रमाच्या स्थापनेमागे मुंबईचे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बुथ्नॉट अ‍ॅक्वर्थ होते. मराठी श्रोत्यांना हे नाव अगदीच परके नसावे. शाहिरांचे विखुरलेले पोवाडे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने जमवून १८९१ साली ज्यांनी प्रसिद्ध केले, ते हेच अ‍ॅक्वर्थसाहेब. रस्त्यावर भीक मागत हिंडणाऱ्या निराधार रोग्यांना त्यांनी शहराच्या बाहेर, म्हणजे तेव्हाच्या माटुंग्यास, निवारा दिला. याच आश्रमात पुढे मैला बंद टाकीत सोडून तीतून निघणारा वायू धरण्यात आला व त्यावर दिवे लावण्यात आले. १९०७च्या सुमारास त्याच वायूवर एक इंजिनही चालू लागले. ज्यांच्या सावलीलाही शहर भीत होते, त्यांच्या मैल्यावर पेटलेला हा दिवा पाहावयास कोणी मुंबईकर मुद्दाम गेला असेल, असे मला वाटत नाही.

कल्पना मात्र अगदी नवी नव्हती. इटलीतील शास्त्रज्ञ व्होल्टा याने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले होते व ते पेटतात हे दाखविले होते. आपल्या गावतळ्यांतही हे बुडबुडे येतात. आपण त्यांना भुताटकी म्हटले आणि दिवेलागणीनंतर तळ्याकडे फिरकणे सोडले. इंग्लंडात एक्झेटर शहरी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ साली मैल्याची बंद टाकी बांधली आणि तिच्या वायूवर दिवे लावले. माटुंग्याचा प्रयोग त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथवर गोष्ट मैल्याची होती. शेण या कथेत शिरले ते पुढे, १९३९च्या सुमारास. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग हाती घेतले. त्यामागे एक जुने दुखणे होते. शेण हे शेतकऱ्याचे खतही आणि सरपणही. गोवरी थापून चुलीत घातली की भाकरी भाजते, पण शेताच्या वाट्याचे नत्र धुराबरोबर निघून जाते. न थापावी तर चूल पेटत नाही. बंद हौदात शेण व पाणी निमेनिम कालवून सोडले, की हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू ते कुजवितात. जो वायू निघतो त्यात निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो. तो निळ्या ज्योतीने, धुरावाचून जळतो. उरलेल्या काल्यात नत्र तसेच राहते व ते शेताला मिळते. सरपण आणि खत यांतील भांडण अशा रीतीने मिटले. निदान कागदावर तरी मिटले.

कागदावरून ते परसात आणण्याचे श्रेय जशभाई पटेल यांना द्यावे लागेल. १९५१च्या सुमारास त्यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे यंत्र रचले. विहिरीसारखा हौद आणि त्यावर पालथे घातलेले लोखंडी पिंप, एवढीच त्याची रचना. वायू साठला की पिंप वर चढते, वापरला की खाली बसते. किती शिल्लक आहे हे घरातील बाईला खिडकीतून दिसते. पुढे १९६१-६२पासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने याच धर्तीचे यंत्र गावोगाव पोहोचविले.

पण माझ्या मते या इतिहासाचा गाभा यंत्रात नाही. तो रत्नागिरीच्या तुरुंगात आहे. १९३२ साली तेथे राजबंदी असलेले अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ब्राह्मण कैद्याला हे काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. ते कळताच येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभिला, आणि सरकारला विचार करणे भाग पडले. हेच अप्पासाहेब १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापून मैल्याच्या खताचे आणि सोप्या संडासांचे प्रयोग करीत बसले. माणसाने माणसाचा मैला डोक्यावरून वाहू नये, हा त्यांचा ध्यास. उपदेशाने ते होत नाही, संडासाची रचनाच बदलली पाहिजे, हे त्यांनी ओळखले; आणि मैल्यापासून वायू मिळाला तर लोक त्याकडे संपत्ती म्हणून पाहतील, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब चुकला म्हणावयाचा की काय? शेणाचा वायू लोकांनी स्वीकारला, कारण शेण आपल्याकडे पवित्रच. मैल्याच्या वायूवर शिजलेला भात खाण्यास मात्र मन धजत नसे. ज्योत दोन्हींची सारखीच निळी, वास दोन्हींनाही नाही. पण सोवळे ज्योतीकडे पाहत नाही, तिच्या कुळाकडे पाहते.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि सरकारला गोठ्याची आठवण झाली. उत्तर प्रदेशातील अजितमल येथे १९७८ साली लोखंडी पिंपावाचून चालणारे, विटांच्या घुमटाचे ‘जनता’ यंत्र निघाले. १९८१-८२पासून राष्ट्रीय प्रकल्पच सुरू झाला. यंत्रे पुष्कळ बांधली गेली आणि पुष्कळ बंदही पडली. पिंपे गंजली, थंडीत वायू कमी पडू लागला. त्याहून मोठी उणीव अशी की, लहानशा कुटुंबाच्या यंत्रालाही तीन-चार जनावरांचे शेण लागते. ज्याच्या दारी एकच म्हैस, त्याने काय करावे? आणि जी भूमिहीन बाई रस्त्यावरचे शेण वेचून गोवऱ्या थापीत असे, तिला तर शेणाला किंमत आल्यावर तेही मिळेनासे झाले. सरकारी अहवालांतून तिचा उल्लेख फारसा सापडत नाही.

अप्पासाहेब १९७१ साली वारले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. सुहास मापुसकर हे १९६०च्या सुमारास देहू येथे सरकारी डॉक्टर म्हणून आले होते. तुकोबांच्या गावी तेव्हा संडास जवळजवळ नव्हते. त्यांनी बांधविलेले पहिल्या खेपेचे संडास पावसाळ्यात ढासळले, लोक चिडले. डॉक्टर पुन्हा खणू लागले. अप्पासाहेबांनी आखलेल्या संडासाच्या वायुयंत्रात त्यांनी सुधारणा केल्या आणि १९८०च्या सुमारास ‘मलप्रभा’ नावाने ते देहूत उभे केले. २००४पर्यंत गावातील घरोघरी संडास झाले. २०१५ साली डॉ. मापुसकर वारले, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.