सीमेवरचे रोप

एकेकाळी पिकाचा सरकारी अंदाज आणेवारीने ठरे: महसुली अधिकारी शेत नजरेखालून घालत आणि रुपयात किती आणे पीक आले ते सांगत. त्या नजरेच्या जागी यादृच्छिक निवड आणणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रणी होते. गाव, शेत आणि शेतातला तुकडा हे तिन्ही यादृच्छिक अंकांनी निवडायचे आणि तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून तोलायचे, अशी ही पद्धत.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की, फार लहान तुकड्यांत उत्पन्न फुगते. सीमेवरचे रोप आत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. १ मीटरच्या चौरसात दर चौरस मीटरमागे ४ मीटर सीमा येते. १० मीटरच्या चौरसात अवघी ४० सेंटिमीटर.

आज अनेक पिकांच्या विम्याची भरपाई अशाच पीककापणी प्रयोगांवर ठरते. कागदावर उत्पन्न फुगले की शेतकऱ्याच्या हाती कमी पडते. यादृच्छिक निवडीने तुकडा निःपक्षपातीपणे मिळतो, पण कापणारा हात माणसाचाच असतो. म्हणून तुकडा केवढा घ्यायचा, हेही प्रयोगाच्या आखणीतच ठरवावे लागते.