जालन्याचे बियाणे, दिल्लीतले पेटंट
पेटंटाशिवाय संशोधन उभे राहत नाही, हा दावा जालन्यात टिकत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी स्थापली, तेव्हा बियाण्याला पेटंट नव्हतेच. संकरित वाणाचे नर-मादी पालक वाण कंपनीकडे, शेतकऱ्याला दरवर्षी नवी पिशवी, एवढे संरक्षण पुरले. जनुक मात्र कुणीही आपल्या वाणात उतरवू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. पण 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीच्या जनुकावरही भारतात पेटंट नव्हते. महिको आणि मोन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीने शुल्क वसूल केले ते करारांच्या जोरावर. दुसऱ्या पिढीच्या बीटी कपाशीच्या पेटंटावरून मोन्सँटो आणि बियाणे कंपनी नुजिवीडू यांची जुंपली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2018 मध्ये ते रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये प्रकरण फेरसुनावणीला पाठवले. 2021 मध्ये तडजोड झाली. वैधतेचा निकाल लागलाच नाही.