आधी वाद्यवृंद, मग व्हायोलिन : मेहली मेहता

सुरतेतल्या जुन्या मराठी घरांत पहाटे रेडिओ लावला की आधी आकाशवाणीची धून यायची. तंबोऱ्यावर वाजणारं ते व्हायोलिन कुणाचं, हे आपण कधी विचारलं नाही. धून बांधली प्रागहून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी, आणि व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगितलं जातं.

मेहली यांचा जन्म मुंबईच्या पारशी कुटुंबात, 25 सप्टेंबर 1908 रोजी. आज त्यांची ओळख ‘झुबिन मेहतांचे वडील’ एवढीच उरली आहे. मला ती अपुरी वाटते.

युरोपातला वादक तयार वाद्यवृंदात नोकरी धरतो. मुंबईत तसा कायमचा पगारी वाद्यवृंदच नव्हता. सिम्फनीला साठ-सत्तर माणसं लागतात. एकट्याच्या व्हायोलिनने ती उभी राहत नाही. म्हणून मेहलींनी 1935 मध्ये ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. त्यात हौशी पारशी होते. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले आणि रात्री हॉटेलांत वाजवून पोट भरणारे गोवेकर होते. फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं यायची. प्रत्येकाची नोकरी वेगळी, सुट्टी वेगळी; तालमीची वेळ जमवणं हेच मोठं काम. 1940 मध्ये त्यांनी चौघांचा तंतुवाद्यगट, म्हणजे क्वार्टेटही काढला.

स्वतःचं शिक्षण अपुरं आहे, हे त्यांना बोचत होतं. 1945 मध्ये, संसार मुंबईत ठेवून, ते न्यूयॉर्कला इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकायला गेले. परत आले, पुन्हा मुंबईत वाजवलं. अखेर 1955 च्या सुमारास मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली, सहायक प्रमुख व्हायोलिनवादक झाले. घरच्या वाद्यवृंदाचा म्होरक्या पन्नाशीकडे झुकताना दुसऱ्याच्या मागे बसला. यात कमीपणा नव्हता. ज्याची वाट पाहिली ते चालू यंत्र त्यांना तिथे मिळालं.

1959 मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये गेले. 1964 मध्ये लॉस एंजेलिसला आले आणि तिथे ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ काढली. थेट 1998 पर्यंत, म्हणजे नव्वदीपर्यंत, ते तरुण वादकांना वाद्यवृंदात बसायला शिकवत राहिले. तरुणपणी आपल्याला जे मिळालं नाही, तेच त्यांनी वाटलं. 19 ऑक्टोबर 2002 रोजी ते गेले. मुंबईत एनसीपीएचा पगारी वाद्यवृंद सुरू झाला तो 2006 मध्ये. मेहलींच्या पहिल्या प्रयत्नानंतर एकाहत्तर वर्षांनी.