प्लाझ्मा
वायूतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले की धन आयन व मुक्त इलेक्ट्रॉन यांचे जे मिश्रण बनते, ती द्रव्याची चौथी अवस्था. एकंदरीत विद्युतदृष्ट्या उदासीन असूनही प्लाझ्मा विजेचा सुवाहक असतो आणि चुंबकीय क्षेत्राने तो वळवता, कोंडता येतो. विल्यम क्रुक्स यांनी १८७९ मध्ये विसर्जन नळीतील या अवस्थेचे वर्णन केले. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तिला आजचे नाव दिले. कोणत्या तापमानाला व दाबाला किती अणू आयनित होतील, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा होऊ लागला.

प्लाझ्मा म्हणजे प्रखर उष्णता, हा समज अर्धाच खरा. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे १०,००० अंश असते, नळी मात्र हाताला जेमतेम कोमट लागते. विरळ वायूत हलके इलेक्ट्रॉन जड अणूंना फारशी ऊर्जा देऊ शकत नाहीत, हे त्याचे कारण. संगणकाच्या चिपांवरील सूक्ष्म कोरीवकाम अशाच ‘थंड’ प्लाझ्म्याने होते. धातू कापायला तप्त प्लाझ्मा लागतो.

ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या अणुकेंद्रीय संमीलनासाठी सुमारे १५ कोटी अंश सेल्सियस तापमान हवे. ते कोणत्याही भांड्याला सोसणार नाही. म्हणून टोकामाक यंत्रात प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने भिंतींपासून दूर ठेवतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील ‘आदित्य’ हा भारतीय बनावटीचा टोकामाक १९८९ मध्ये सुरू झाला. फ्रान्समधील ‘ईटर’ या संमीलन प्रकल्पातही भारत भागीदार आहे.